बरणी काय म्हणाली?

१

साहेबांच्या टेबलावर मेलेला ससा होता, आणि सशाखाली साहेबांच्याच सहीचा अहवाल होता.

ससा पांढरा, चांगला पोसलेला. त्याला कोणीतरी काचेवर नीट आडवं ठेवलं होतं आणि त्याचा मागचा पाय कागदावरच्या नेमक्या त्या ओळीवर आला होता : तंतू, सोळा टक्के.

"हा साठावा," समोर उभी असलेली बाई म्हणाली. गावाबाहेर ती ससे पाळायची आणि लहानथोर सगळेच तिला सशांची मावशी म्हणत. "एकशे चाळिसांतला साठावा. आधी पोट फुगतं, मग जुलाब, दोन दिवसांत मान टाकतात. गुरांचे डॉक्टर म्हणतात खाद्यात चोथा कमी आहे. पोत्यावर लिहिलंय सोळा. तुमचा कागद म्हणतो सोळा. म्हणजे काय, माझे ससे खोटं बोलतात?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खाद्य तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत भुसा, पेंड, पीठ, गोळ्या असलं काय काय यायचं. ते खाणारा प्राणी आजवर कोणी आणला नव्हता.

"पुन्हा एकदा तपासू की," ते म्हणाले.

"पुन्हाही तपासून झालं. तेव्हाही सोळाच. दोन्ही कागदांवर तपासणाऱ्या बाईची सही एकच. कारखान्यानं फितवलंय तिला, दुसरं काय! शुक्रवारी मी वरच्या कचेरीत जाणार. आणि रिकाम्या हातानं जाणार नाही, सांगून ठेवते."

तासाभरात साहेबांनी त्या बाईला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या धाकट्या बाईंना, घरी बसवलं. शुक्रवारपर्यंत काही उलगडा झाला नाही तर नोकरी तर जाईलच, पण पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत कोणी तराजूला हात लावू देणार नाही, हेही ऐकवलं. मग त्यांनी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका माणसाला फोन लावला.

"मास्तर, तुमची धाकटी अडचणीत आहे."

पलीकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मास्तरांनी एकच प्रश्न विचारला.

"बरणी काय म्हणते?"

२

सगळे त्यांना चोथामास्तर म्हणत. तीस वर्षं एकच काम केल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार? दळलेलं खाद्य मोजून घ्यायचं, सौम्य आम्लात अर्धा तास उकळायचं, गाळून धुवायचं, मग सौम्य कॉस्टिक सोड्यात अर्धा तास उकळायचं, पुन्हा गाळून धुवायचं. उरेल ते वाळवून तोलायचं. मग भट्टीत जाळायचं आणि राख तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे तंतू. उकळून जात नाही पण जळून जातं, तो चोथा, असं मास्तर नव्या माणसाला एका दमात सांगत.

हे सगळं ते एकटे करत नसत. शेजारच्या ओट्यावर त्यांची बायको असे. प्रयोगशाळेत तिला मोठ्या बाई म्हणत आणि तिच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीला धाकट्या बाई. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. धाकटी सकाळी नऊला यायची आणि साडेपाचला जायची, आणि त्या वेळात त्यांना मुलगी असायची.

मोठ्या बाई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर वर्षभर मास्तरांनी कशीबशी नोकरी केली, निवृत्त झाले, आणि पुन्हा म्हणून त्या इमारतीची पायरी चढले नाहीत. आज चढले, आणि मधल्या बोळातच पाय अडखळला. त्यांना तिची फार आठवण आली. रिठ्याचा साबण, कॉस्टिकमध्ये उकळलेल्या भुशाचा वास, भट्टीची धग, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती नव्हती.

फडताळात तपकिरी काचेची बरणी होती. चिठ्ठीवर तिचं ठसठशीत, थोडं उजवीकडे झुकलेलं अक्षर : "वाळलेलं गवत. तंतू २५." अठरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ते गवत वाळवलं, दळलं, चाळलं आणि वीस वेळा तपासून आकडा नक्की केला होता. तेव्हापासून रोजच्या नमुन्यांबरोबर बरणीतलं चिमूटभर गवतही उकळायचं. बरणीचा आकडा पंचवीस आला की बाकीचे आकडे खरे. नाही आला तर कुठेतरी गडबड आहे, काम थांबवायचं. संध्याकाळी पदराला हात पुसत बायको विचारायची, "बरणी काय म्हणाली?" आणि मास्तर म्हणायचे, "पंचवीस." मग दोघं घरी जायची.

मास्तरांनी वही उघडली. गेल्या चार वर्षांत बरणी एकदाही चुकली नव्हती. पंचवीस, पंचवीस, चोवीस पूर्णांक नऊ, पंचवीस. सशांच्या गोळ्या दोनदा तपासल्या त्या दिवशीही पंचवीस.

ओट्यावर हीटर होता आणि त्याला जोडलेला टायमर. हा टायमर मास्तरांनीच आणून बसवला होता, बायको गेल्यावर कामावर परतले त्याच आठवड्यात. बटण दाबलं की तीस मिनिटं मोजायची, घंटा वाजवायची आणि हीटर बंद करायचा. कोणी हाक मारायला नको, कोणी ऐकायला नको. त्यांनी त्यावरची धूळ रुमालाने पुसली.

मग ते धाकटीच्या घरी गेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि धाकटी तोच सदरा तिसऱ्यांदा घडी घालत होती.

"काका, मी कोणाचं काही खाल्लं नाही," ती म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे. काम कसं केलंस ते सांग."

तिने सांगितलं. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. मोठ्या बाईंची शिकवण होती, कणभरही कसर चालवून न घेणारी.

"आणि बरणी?"

"पंचवीस," प्रश्न संपायच्या आत ती म्हणाली, आणि सदरा चौथ्यांदा उलगडला.

मास्तर जायला निघाले. दाराशी ती हळूच म्हणाली, "काका, नमुना तपासा, आम्ल तपासा, तराजू तपासा. बरणी मात्र राहू द्या. सारखी उघडली की हवा लागते तिला."

जिना उतरताना मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेली अठरा वर्षं ती बरणी कामाच्या प्रत्येक दिवशी उघडली जात होती. हवेची काळजी आजच का?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मावशीकडे गेले. लांबलचक पत्र्याच्या छपराखाली लाकडी चौकटींचे पिंजरे होते, अर्धे रिकामे. मावशी तुटकपणे बोलत होती, पण रिकाम्या पिंजऱ्यांपाशी आली की त्यांची दारं उगाच लावून घेत होती.

"ह्याला मी बाटलीनं दूध पाजलं होतं," एका पिंजऱ्याकडे बघून ती म्हणाली. त्यात कोणीही नव्हतं.

"गोळ्यांशिवाय काय देता?"

"काही नाही. शेठच म्हणाला, आमच्या गोळ्या म्हणजे पूर्ण आहार. पोतं उघडा आणि निर्धास्त व्हा. झालेच निर्धास्त साठ जण."

मास्तर खाली वाकले. पिंजऱ्यांच्या लाकडी चौकटी दातांनी कोरलेल्या होत्या. भिंतीला टेकवलेल्या झाडूच्या काड्या अर्ध्याअधिक कुरतडलेल्या होत्या.

"हे कधीपासून?"

"दोन महिने झाले. मोकळे सोडले की आधी झाडूवर तुटून पडतात. मला वाटलं, खोड लागली."

ही खोड नव्हती. पोटाला हवं ते ताटात नव्हतं, म्हणून ते झाडूत शोधत होते. मास्तरांनी पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून स्वतःच्या हाताने गोळ्या काढून पिशवी बांधली, त्यावर सही केली आणि मावशीचीही घेतली. निघताना म्हणाले, "आजपासून गोळ्या बंद. वाळलेलं गवत द्या, खातील तेवढं."

गोळ्यांच्या कारखान्याचा मालक गोळीशेठ. स्वतःही तसाच गोल आणि गुळगुळीत. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"फितवायचं कशाला, मास्तर? तुमची लॅब सोळा म्हणाली, मी पोत्यावर सोळा छापलं. उलट मी सुरुवातीला भुसा आणि गवत भरपूर घालायचो. मग तुमच्याकडून एकोणीस-वीस असे आकडे यायला लागले. सोळा लागतात, वीस कशाला द्या? म्हणून भुसा कमी करत आणला आणि मका वाढवला, तुमचा सोळा येईपर्यंत. तुमच्या आकड्यावरच तर आम्ही बेततो सगळं."

"आकडे वर कधी गेले?"

शेठने बोटांवर मोजलं. "आता चार वर्षं झाली असतील."

मास्तरांना हा आकडा आवडला नाही.

उरले दळणवाले दादा. प्रयोगशाळेच्या तळघरात नमुने दळायची चक्की तेच चालवत. त्यांचा मेव्हणा गोळीशेठच्या ट्रकवर होता, आणि हे कोणी काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"मेव्हणा आहे, पण माझं त्याचं पटत नाही. नमुना सीलबंद आला, एक मिलिमीटरच्या जाळीतून दळला, वर पाठवला. इथे एक दाणा इकडचा तिकडे होत नाही. घरचं दळण आणायला बंदी आहे म्हणून माझी बायको मला टोमणे मारते. आणि धाकट्या बाईंनी एकदा वाटीभर मका दळून नेला, तेव्हा मी चकार शब्द काढला का? नाही काढला."

"कधी नेला?"

"मोठ्या बाई गेल्या ना, त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं. मला वाटलं, घरी काही आजारबिजार असेल. पण लॅबच्या चक्कीत, जाळी लावून, मैद्यासारखा बारीक? मी आपला मूग गिळून बसलो."

मास्तर तळघराच्या पायऱ्या चढले आणि मधल्याच पायरीवर थांबले. एक वाटी मका. चार वर्षांपूर्वी.

४

आता सगळं स्वतःच्या हातानं करून बघायचं. बुधवारी सकाळी मास्तरांनी बायकोचा ॲप्रन घातला. त्यांचा स्वतःचा कधीच चिंध्यांत गेला होता. तिचा खांद्यात आवळत होता आणि त्याच्या खिशात तिची पेन्सिल तशीच होती. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

त्यांनी आम्ल आणि कॉस्टिक नव्याने बनवलं, तराजू वजनं ठेवून ताडून घेतला, भट्टीचा काटा पाहिला. मग स्वतः आणलेल्या गोळ्या एका बीकरमध्ये, बरणीतलं गवत दुसऱ्यात. बटण दाबलं. घंटा वाजली, गाळलं, धुतलं. पुन्हा बटण, पुन्हा घंटा. गुरुवारी दुपारी आकडे हातात आले.

गोळ्या सोळा. बरणी पंचवीस.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे धाकट्या बाईंनी फेरफार केला नाही. मावशीचीच काहीतरी चूक असणार. पाणी वगैरे."

"पाण्यानं ससा झाडू खात नाही," मास्तर म्हणाले.

साहेब गेल्यावर ते स्टुलावर बसून राहिले. गोळ्या स्वतः आणल्या, स्वतः तपासल्या. धाकटी सुटली, दादा सुटले, शेठही सुटला. ससे म्हणतात चोथा नाही, बरणी म्हणते आकडा खरा आहे. ससे खोटं बोलत नाहीत. आणि बरणी तर तिची होती.

त्यांनी बरणी मांडीवर घेतली. हे त्यांना करायचं नव्हतं. झाकण उघडून त्यांनी चिमूट घेतली आणि बोटं चोळली. जुन्या दिवसांत ते गवत बोटांना हिरवट रंग लावायचं. बायको त्याच बोटांनी कपाळावरची बट मागे सारायची आणि कपाळावर हिरवी रेघ उमटायची. घरी जाईपर्यंत ते तिला मुद्दाम सांगायचे नाहीत.

आज बोटांवर हिरवं होतं, आणि हिरव्यावर पांढरी भुकटी होती.

त्यांनी चष्मा पुसला. चिमटीत एक बारीक तांबूस किडा निघाला, तुरुतुरु चालणारा. हा किडा पिठाचा. गवताकडे तो ढुंकून बघत नाही.

कपाटातून आयोडीनची बाटली आणून त्यांनी बशीत गवताची चिमूट टाकली आणि त्यावर एक थेंब सोडला. गवताला आयोडीन लागलं तर पिवळट तपकिरी डाग पडतो. पिठाला लागलं तर निळा.

बशीतला डाग क्षणभर तपकिरी राहिला, आणि मग मध्यापासून कडेपर्यंत शाईसारखा निळा काळा होत गेला.

५

मास्तरांनी बोलावून घेतलेली धाकटी आली तेव्हा बशी ओट्यावर होती. तिने ती पाहिली आणि दार लावून घेतलं.

"मका," मास्तर म्हणाले. "वाटीभर. बारीक जाळीतून. किती ग्रॅम?"

"ऐंशी," ती म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बरणीत तेव्हा सातशे ग्रॅम गवत होतं."

"का, बाळ?"

तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "काकू गेल्यानंतर तुम्ही महिनाभरानं कामावर आलात. त्या आठवड्यात बरणी अठ्ठावीस आली. मी दोनदा केलं, तीनदा केलं, तरी अठ्ठावीस. मला वाटलं, गवताला कीड लागली. किड्यानं मऊ भाग खाल्ला की चोथा जास्त दिसतो, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे बरणी टाकून द्यायची, नवी करायची, नवी चिठ्ठी लावायची." ती थांबली. "तुम्ही रोज संध्याकाळी इथे उभे राहायचात. 'बरणी काय म्हणाली?' अगदी काकूंसारखं विचारायचात. मी पंचवीस म्हटलं की तुमच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा. तेवढा एकच क्षण यायचा हो दिवसात. मी कशी सांगणार, की तिची बरणी नासली? म्हणून मका घातला. पंचवीस येईपर्यंत घातला."

"आणि मोजमाप चुकत असेल, बरणी नव्हे, असं नाही आलं मनात?"

"मोजमाप तुमचं होतं, काका," ती साधेपणाने म्हणाली.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. रागवावं की जवळ घ्यावं, त्यांना कळेना. पण डोकं आता चालायला लागलं होतं.

"ऐक. मका घातल्यावर त्या बरणीत पंचवीस टक्के चोथा उरणं शक्यच नाही. मक्यात चोथा असतो कितीसा? बरणी आता साडेबावीसच्या आसपास यायला हवी. पण काल मी स्वतः केलं, तरी पंचवीस आली. म्हणजे आपण सगळंच जास्त मोजतोय. गवत जास्त, गोळ्या तर त्याहून जास्त, कारण त्यांच्यात मका ठासून भरलाय. आकडा फुगायला लागला चार वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून शेठ भुसा काढत गेला. त्याचं खाद्य गाईंना चालून गेलं, त्या बाहेर चरतात. सशांना गोळ्यांशिवाय दुसरं काही नाही."

"पण फुगतोय का?"

"आम्ल नवं, कॉस्टिक नवं, तराजू बरोबर, भट्टी बरोबर." ते एकेक बोट मिटत गेले. एक बोट उरलं.

त्यांनी वही मागे उलटली. चार वर्षांपूर्वीची तारीख, धाकटीने पहिल्यांदा अठ्ठावीस पाहिलं तोच आठवडा. समासात मास्तरांच्याच अक्षरात एक ओळ होती : "हीटरला टायमर बसवला."

ते उठले. बीकरमध्ये आम्ल ओतलं, हीटरवर ठेवलं, बटण दाबलं, आणि घड्याळ हातात घेऊन समोर उभे राहिले. दोन मिनिटं. पाच. द्रव नुसता स्वस्थ. दहा मिनिटांनी तळाशी चार बुडबुडे आले. पहिली खरी उकळी फुटली तेव्हा चौदा मिनिटं झाली होती.

घंटा तिसाव्या मिनिटाला वाजली. अर्धा तास उकळायचं ते जेमतेम सोळा मिनिटं उकळलं होतं.

"ती इथे उभी असायची," मास्तर म्हणाले. "तू तेव्हा पलीकडे तराजूवर असायचीस. उकळीवर नजर तिची. खरी उकळी फुटली की ती हाक मारायची, 'उकळीऽ!' बोळाच्या टोकापर्यंत जायची ती हाक. मग मी घड्याळ लावायचो. तेव्हापासून अर्धा तास. ती गेल्यावर मी कामावर आलो, बीकर ठेवला आणि वाट बघत बसलो. उकळी आली, उतू गेली, आणि मी वाटच बघतोय. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन टायमर आणला. बटण दाबल्यापासून मोजणारा. मला ती शांतता नको होती गं."

धाकटीने बीकर उतरवून बाजूला ठेवला.

"बरणी नासली नव्हती," मास्तर म्हणाले. "ती अठ्ठावीस म्हणाली, कारण मी चुकलो होतो. अठरा वर्षांपूर्वी आम्ही ती ज्या कामासाठी भरली, तेच काम तिने केलं. तुझी काकू जाऊन महिना झाला होता आणि तरी तिने माझी चूक पकडली होती. मला सांगत होती, 'अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?'"

ते खाली बसले आणि बायकोच्या ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडले. चार वर्षांत ते असे रडले नव्हते.

६

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत मावशी, गोळीशेठ, दादा आणि धाकटी बसले होते. या वेळी टेबलावर ससा नव्हता. बरणी होती, आणि तिच्याखाली मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले दोन कागद.

मास्तरांनी उभं राहून सगळं सांगितलं. टायमर, चौदा मिनिटं, अठ्ठावीस, मका. कुठे तिखटमीठ लावलं नाही आणि कुठे स्वतःची बाजू सावरली नाही. "दोष माझा आहे," ते म्हणाले. "धाकट्या बाईंनी बरणीत हात घातला, ही त्यांची चूक. पण त्यांनी एकही अहवाल जाणूनबुजून खोटा दिला नाही. चार वर्षांचे सगळे अहवाल मागे घ्या आणि कारण म्हणून माझं नाव लिहा."

"मास्तर, बाहेरच्या पाटीवर तुमचं नाव आहे," साहेब पुटपुटले. "उत्कृष्ट सेवेबद्दल."

"पाटी काढायला दोन स्क्रू आहेत. मी सकाळीच पाहिले."

गोळीशेठ घाम पुसत म्हणाला की भुसा उद्यापासून पहिल्यासारखा. त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. सगळे मावशीकडे बघत होते. ती मास्तरांकडे वळली.

"साठ गेले माझे," ती म्हणाली.

"हो."

"त्यांचं काही होणार नाही आता."

"नाही."

तिने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि थांबली. "गवत टाकल्यापासून तीन दिवसांत एकानंही मान टाकली नाही. झाडूकडे बघतसुद्धा नाहीत." मग साहेबांकडे वळून म्हणाली, "त्या पोरीला काढू नका. बाकी काय करायचं ते करा."

साहेबांनी धाकटीला लेखी ताकीद दिली आणि सहा महिने तिच्या सहीखाली आपलीही सही राहील असं ठरवलं. मास्तरांची पाटी दुपारी उतरली. दादांनी ती उतरवली आणि दोन्ही स्क्रू मास्तरांच्या हातात दिले, जणू तेच त्यांचं निवृत्तीवेतन.

एक काम राहिलं होतं. गोळ्या नियमाने तपासून खरा आकडा मावशीला लिहून द्यायचा होता, आणि जुन्या बरणीलाही शेवटचं विचारायचं होतं. मास्तरांनी टायमरची वायर उपटली. दोन बीकर हीटरवर ठेवले. धाकटी घड्याळ घेऊन उभी राहिली, जिथे पूर्वी ते उभे असायचे. ते स्वतः बायकोच्या जागी उभे होते आणि तिथून बीकर वेगळेच दिसत होते, जवळ आणि मोठे. इतकी वर्षं ती हे बघत होती.

बारा मिनिटं झाली. तेरा झाली. तळातून बुडबुडे सुटायला लागले. धाकटीने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी बोळाकडे पाहिलं. दोघांनाही माहीत होतं की हाक कुठून येणार नाही, आणि दोघंही ऐकत होती.

द्रवाचा मधला भाग उचलला गेला.

"उकळीऽ!" मास्तर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. आवाज चिरका आला, पण बोळाच्या टोकापर्यंत गेला, आणि साहेब खोलीतून डोकावले.

धाकटीने घड्याळ लावलं.

शनिवारी दुपारी वजनं झाली. गोळ्या बारा निघाल्या. मास्तरांनी बशा धुतल्या, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि खिशातली पेन्सिल तेवढी काढून घेतली. फडताळात नवी, रिकामी बरणी ठेवली होती. तिची चिठ्ठी कोरी होती, कारण आकडा अजून वीस वेळा तपासून ठरायचा होता. त्यासाठी सोमवारपासून यायचं मास्तरांनी कबूल केलं होतं.

धाकटी ओल्या हातांनी वहीपाशी उभी होती.

"बरणी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

ती क्षणभर घुटमळली. मग तिने वही त्यांच्याकडे फिरवली.

"साडेबावीस, काका."

मास्तरांनी आकडा डोळ्यांनी वाचला, मग मनातल्या मनात त्यातला मका बाजूला काढला. पंचवीस राहिले. त्यांनी पेन्सिल धाकटीच्या हातात दिली आणि ती दोघं दिवे बंद करून बाहेर पडली.